चार मोटरींचा जोड कसा जुळवायचा

आजचा विषय आहे ड्रोनच्या मोटरी. काही जणी लगेच म्हणतील, हे आमच्यासाठी नाही, पोरांना ऐकू दे. तसे करू नका, कारण पोरांच्या ड्रोनला पैसे कोण देते? आईच देते, आणि आई ते गटाच्या अंतर्गत कर्जातून काढते. आमच्या मासिक बैठकांत अशी मागणी आता येऊ लागली आहे. कुणाचा मुलगा आयटीआयला आहे, कुणाची लेक पॉलिटेक्निकला आहे, आणि त्यांना स्वतः जोडून ड्रोन बनवायचा आहे. कर्जाच्या अर्जावर "शिक्षणासाठी" एवढेच लिहिलेले असते. पैसे कशात जाणार, हे सही करणाऱ्या अध्यक्षा आणि सचिवांना कळायला नको का?

दुसरी बाजू सरकारी योजनेची आहे. नमो ड्रोन दीदी योजनेची घोषणा २०२३ च्या १५ ऑगस्टला झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, बाकीची रक्कम गटाने कर्जाने उभी करायची, अशी तिची रचना. गटातल्या एका सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. त्याशिवाय विजेच्या वस्तू आणि यंत्रदुरुस्तीची आवड असलेल्या आणखी एका सदस्येला किंवा घरच्या माणसाला ड्रोन सहायक म्हणून तयार करायचे असते. ड्रोन दीदीचे फोटो पेपरात येतात, सहायकाचे येत नाहीत. आमच्या मते निम्मा धंदा या सहायकाच्या हातात आहे. ऐन फवारणीच्या हंगामात मोटर गेली आणि मेकॅनिकची वाट बघत चार दिवस ड्रोन घरात पडून राहिला, तर हप्ता काही थांबत नाही.

म्हणून मोटर समजून घेऊ. आपण लहान, शिकण्यापुरत्या, चार पंख्यांच्या ड्रोनपासून सुरू करू. 'थ्री इडियट्स' सिनेमात खिडकीपर्यंत उडत जाणारा चार पंख्यांचा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. तो २००९ चा सिनेमा. त्यातला ड्रोन आयआयटी मुंबईत शिकलेल्या मुलांच्या आयडियाफोर्ज या कंपनीने बनवला होता, आणि ती कंपनी आज नवी मुंबईत आहे. त्यांनीही सुरुवात लहान यंत्रापासूनच केली होती.

आता मोटर. मिक्सरच्या किंवा शिलाई मशिनच्या मोटरमध्ये कार्बन असतात. ते झिजले की ठिणग्या उडतात, वास येतो, आणि आपण कार्बन बदलून आणतो. ड्रोनच्या मोटरीत कार्बन नसतात. मधे तांब्याच्या तारेची गुंडाळी स्थिर असते आणि तिच्याभोवती चुंबक लावलेली वाटी फिरते. मोटरीतून तीन वायरी निघतात. तीन वायरी म्हटल्यावर विहिरीवरची थ्री फेज मोटर डोळ्यासमोर आली ना? बरोबर. पंप उलटा फिरायला लागला की वायरमन काय करतो? कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करतो. ड्रोनच्या मोटरीतही अगदी तसेच. तीनपैकी कोणत्याही दोन वायरी बदलल्या की ती उलट फिरते. आणि एक फेज गेल्यावर पंप गुरगुरतो, तापतो, जळतो, तसेच तीनपैकी एका वायरीचा टाका सुटला तर ही मोटरही फिरायच्या ऐवजी थरथरते आणि गरम होते. अशा वेळी मोटर गेली म्हणून नवीन आणायची घाई करू नका. आधी टाका बघा.

मोटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात. समजा लिहिले आहे २२१२ आणि १००० केव्ही. पहिला आकडा आतल्या गुंडाळीच्या भागाचे माप सांगतो. तो २२ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच. रुंद आणि उंच मोटर म्हणजे जास्त तांबे, जास्त चुंबक, जास्त ताकद आणि जास्त वजन. दुसरा आकडा केव्हीचा. ही शेतावरून जाणारी ११ केव्हीची लाइन नव्हे, घाबरू नका. इथे केव्ही म्हणजे एका व्होल्टला एका मिनिटात किती फेरे. १००० केव्हीची मोटर ११ व्होल्टवर मोकळी, पंख्याशिवाय फिरवली, तर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेईल. पंखा लावला की फेरे कमी होतात, कारण आता तिला हवा ढकलायची आहे.

बहुतेक मुले इथेच फसतात. त्यांना वाटते केव्ही जास्त म्हणजे मोटर भारी. तसे नाही. केव्ही ही ताकद नाही, स्वभाव आहे. जास्त केव्हीची मोटर लहान पंखा भराभर फिरवते, कमी केव्हीची मोठा पंखा सावकाश पण दमदार फिरवते. शर्यतीच्या खोंडाला जड नांगराला जुंपले तर तो दोन तासांत फेस आणतो. नांगराचा बैल शर्यतीत धावत नाही, पण दिवसभर चालतो. फवारणीच्या मोठ्या ड्रोनच्या मोटरी बघा. त्या साधारण १०० केव्हीच्या असतात, त्यांचा पंखा ३० इंची आणि बॅटरी १२ सेलची. लहान शर्यतीच्या ड्रोनला ५ इंची पंखा आणि २,००० च्या वर केव्ही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. १०० केव्ही ऐकून कुणी म्हणेल, एवढीशी मोटर दहा लिटरची टाकी काय उचलणार? तीच उचलते.

पंख्यावरही आकडा असतो, जसे १०४५. म्हणजे पंखा १० इंच लांब आणि पिच साडेचार इंच. पिच म्हणजे काय? स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जितका आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात हवेत जितका पुढे सरकेल ते अंतर. लांबी किंवा पिच वाढवली की मोटरीवरचा भार वाढतो. म्हणून मोटर, पंखा आणि बॅटरी ही तिन्ही एकाच वेळी निवडायची. मोटर आज, पंखे पुढच्या महिन्यात, बॅटरी कुणाकडची जुनी, असे केले तर जोड जमत नाही.

आता वही-पेन घ्या, हिशोब करू. गटाचा ताळेबंद मांडणाऱ्या बाईला हा हिशोब काहीच अवघड नाही.

पहिल्यांदा वजन. मोटर निवडायची सुरुवात मोटरीपासून होत नाही, वजनापासून होते. सांगाडा, म्हणजे फ्रेम, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४५० मिलिमीटरची घेतली, तर तिचे सुमारे २८० ग्रॅम. चार मोटरींचे मिळून २२० ग्रॅम. मोटरीला वीज मोजून देणाऱ्या चार पट्ट्या असतात, त्यांना ईएससी म्हणतात, त्यांचे १०० ग्रॅम. तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी १८० ग्रॅम. पंखे ४०. मेंदूचा बोर्ड, रिसीव्हर, वायरी, पट्टे मिळून १३० ग्रॅम. झाले ९५० ग्रॅम. लहान कॅमेरा लावला की आणखी १५०. एकूण ११०० ग्रॅम, म्हणजे एक किलो शंभर. वजन अंदाजाने धरू नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक वस्तू ठेवा आणि लिहा.

आता नियम असा, की चारही मोटरींची मिळून पूर्ण ताकदीची उचल वजनाच्या किमान दुप्पट हवी. ११०० ची दुप्पट २२००. भागिले चार, म्हणजे एका मोटरीने ५५० ग्रॅम उचलले पाहिजे. दुप्पट कशाला? वजनाएवढी उचल असेल तर ड्रोन जेमतेम तरंगेल. वाऱ्याचा झोत आला, एक बाजू खाली गेली, तर सावरायला हातात काही उरत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी वावटळी उठतात. शिवाय तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे पंख्याला पकड कमी मिळते आणि तोच ड्रोन थंडीत उचलतो त्यापेक्षा कमी उचलतो. मोटर आधीच गरम असते ती वेगळीच.

२२१२ आकाराची, १००० केव्हीची मोटर तीन सेलच्या बॅटरीवर १० इंची, साडेचार पिचच्या पंख्यासह पूर्ण जोरात साधारण ८०० ग्रॅम उचल देते. आपल्याला हवे ५५०. म्हणजे जमले, थोडी शिल्लकही राहिली. बसेल का तेही बघू. ४५० च्या फ्रेममध्ये शेजारच्या दोन मोटरींत ३१८ मिलिमीटर अंतर येते. १० इंची पंखा २५४ मिलिमीटरचा, म्हणजे मोकळा फिरतो. १२ इंची घेतला तर ३०५ होतात, पात्यांमध्ये अंगठ्याएवढीही फट राहत नाही. फ्रेम जरा लवली की पाते पात्याला लागेल.

पुढे वीज. अशी एक मोटर पूर्ण जोरात १२ ते १५ अँपिअरपर्यंत वीज ओढते. ईएससी त्यापेक्षा सव्वापट ते दीडपट क्षमतेची घ्यावी, २० किंवा ३० अँपिअरची. इथे पैसे वाचवू नका. घरातली वायर बारीक असेल तर हीटर लावल्यावर ती तापते, तोच प्रकार. मग चारही मोटरींचे मिळून ६० अँपिअर बॅटरी देऊ शकते का? बॅटरीवर २५ सी असे लिहिलेले असते. २२०० एमएएच म्हणजे २.२, त्याला २५ ने गुणले की ५५. थोडी कमीच पडते. सतत पूर्ण जोर कुणी लावत नाही, म्हणून चालून जाते, पण ३५ सीची मिळाली तर ती घ्या. नुसते तरंगायला एका मोटरीला साडेतीन-चार अँपिअर पुरतात. त्या हिशोबाने ड्रोन सात मिनिटे उडेल. अर्धा तास उडेल असे कुणी सांगितले, तर त्याला हाच हिशोब मांडून दाखवायला सांगा.

एका गटातल्या ताईंच्या लेकीचे उदाहरण सांगतो, नाव घेत नाही. तिने चार मोटरी घेतल्या, एक पडून वाकली, तिच्या जागी दुसरीकडून एक आणली. तोच रंग, तोच आकार, वर २२१२ लिहिलेले. ड्रोन उडाला. दोन मिनिटे बरा उडाला आणि मग एका कोपऱ्यावर कलंडून लिंबाच्या बागेत पडला. घरचे म्हणाले, पुरे झाली ही थेरं. बैठकीतही एक जण म्हणाली, पोरींना असल्या गोष्टींना पैसे द्यायचे म्हणजे पाण्यात घालायचे. मुलगी हिरमुसली, पण तिने मोटर फेकली नाही. भिंगाखाली धरून स्टिकर वाचले. तीन मोटरी १००० केव्हीच्या होत्या आणि चौथी १४०० ची.

असे का झाले ते समजून घ्या. ड्रोनचा मेंदू चारही मोटरींना हुकूम देताना धरून चालतो, की सारख्या हुकमाला सारखीच उचल मिळेल. चौथी मोटर मात्र जास्त जोराने फिरत होती. मेंदू तिला सारखा आवरत होता, म्हणून तरंगताना कळले नाही. पण १० इंची पंखा १४०० केव्हीच्या मोटरीला मोठा होता. ती जास्त वीज ओढत राहिली, ती आणि तिची ईएससी तापत गेली, आणि शेवटी ईएससीने वीज तोडली. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा थांबला की तो खाली येतोच. सहा पंख्यांचा कधी कधी सावरतो, चारचा नाही. मुलीने १००० केव्हीची मोटर लावल्यावर तोच ड्रोन, तीच फ्रेम, नीट उडाली. मोटर काही शे रुपयांची होती. ते कर्ज फिटत आले आहे, हेही सांगून टाकतो, नाहीतर बैठकीतल्या त्या ताई विचारतील.

आपल्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात जोडी घेणारा माणूस एकाच बैलाकडे बघत नाही. उंची, वय, चाल, दात, सगळे जुळवून बघतो. एक बैल चांगला आणि दुसरा त्याहून चांगला असला तरी जू तिरके चालते. मोटरींचेही तसेच. चारही एकाच कंपनीच्या, एकाच केव्हीच्या, शक्यतो एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. परवडत असेल तर पाचवी तेव्हाच घेऊन ठेवावी. दुकानात प्रत्येक मोटर हाताने फिरवून बघा. चुंबकामुळे ती अडखळत अडखळत फिरते, तो तिचा गुण आहे. पण चारही सारख्याच अडखळल्या पाहिजेत, आणि एखादी खरखरली तर ती बाजूला ठेवा. शक्य असेल तर सोनाराच्या काट्यावर वजन करा. एकाच स्टिकरच्या दोन मोटरींत चार-पाच ग्रॅमचा फरक निघाला, तर त्या एका घरच्या नाहीत.

जुळवताना दोन मोटरी उजवीकडे आणि दोन डावीकडे फिरल्या पाहिजेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारख्या. तसे नसेल तर ड्रोन जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरेल. पंखेही दोन प्रकारचे येतात, उलटे-सुलटे, ते मोटरीच्या दिशेप्रमाणे लावायचे. आणि मोटर बसवायचे स्क्रू आखूड घ्या. लांब स्क्रू आत जाऊन गुंडाळीच्या तारेला टेकला की मोटर तिथेच संपली.

हिशोबातली उचल खरी की खोटी हे घरी तपासता येते. दोन-तीन किलोच्या लाकडी ठोकळ्यावर मोटर घट्ट बसवा, ठोकळा काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि मोटर हळूहळू वाढवा. काटा उणे ६०० दाखवेल, तर उचल ६०० ग्रॅम. प्रत्येक मोटरीचा आकडा वहीत लिहा. चार आकड्यांत फार फरक नको.

पण या चाचणीआधी पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा आणि लहान मुलांना बाहेर काढा. पंख्याच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही, कारण पाते तुटले तर ते बाजूला उडते. दिशा तपासायची असेल तर पंखे काढूनच तपासायची. हा नियम मोडायला कुणालाच सूट नाही, इंजिनिअरिंगच्या मुलालाही नाही. बॅटरी गादीवर किंवा गोधडीवर चार्ज करू नका, ती फुगली तर वापरू नका, आणि चार्जिंगला लावून शेतात जाऊ नका. तिने पेट घेतला तर आग पटकन विझत नाही.

एक गोष्ट आपल्या मातीची. लहानपणी आपण चुंबक मातीतून फिरवायचो आणि त्याला काळी भुकटी चिकटायची, आठवते? ती लोखंडाची रेती. काळ्या दगडाच्या मुलखात ती सगळीकडे असते, नदीच्या वाळूत तर फारच. ड्रोनच्या मोटरीत चुंबकच चुंबक. मोकळ्या रानात ड्रोन उडवला की पंख्याच्या वाऱ्याने धूळ उठते आणि ही रेती वाटीत शिरून बसते. मग मोटर खरखरते आणि चुंबकावरचा रंग खरवडला जातो. म्हणून ड्रोन ताडपत्रीवरून किंवा जुन्या दारावरून उडवा आणि तिथेच उतरवा. रेती शिरलीच तर फुंकरीने निघत नाही, चुंबक सोडत नाही. चिकटपट्टीचा तुकडा किंवा मळलेल्या कणकेची बारीक गोळी लावून उचला.

आता कायद्याचे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो आणि २ ते २५ किलो स्मॉल. आपला एक किलो शंभरचा ड्रोन मायक्रोत बसतो. धंद्यासाठी नसेल तर मायक्रोला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेटही लागत नाही. पण नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशात आपली जागा हिरव्या भागात आहे का ते बघायचे. आपल्या जिल्ह्यात लष्कराची ठिकाणे आहेत, हे विसरू नका. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर जायचे नाही. सुटे भाग परदेशातून मागवता येतात, पण तयार ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून.

आणि हे जरा ठासून सांगतो. घरी जोडलेल्या ड्रोनला टाकी बांधून कुणाच्या वावरात पैसे घेऊन औषध फवारायचे नाही. पोरे म्हणतील, मोटरी मोठ्या लावल्या की झाले. हिशोब त्यांना करता येईलही. २५ किलो वजन, सहा मोटरी, दुप्पट धरून एका मोटरीला सव्वाआठ किलोच्या वर उचल. पण मोठ्या पंख्याचा, विषारी औषधाने भरलेला ड्रोन कुणाच्या अंगावर पडला तर त्याची भरपाई गटाच्या बचतीतून होणार नाही. त्या कामाला प्रमाणित ड्रोन लागतो आणि प्रमाणपत्रधारक पायलट लागते. वय १८ ते ६५ आणि दहावी पास, एवढी त्याची अट आहे. आपल्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत.

जिच्या घरात ड्रोनची तयारी चालली आहे, तिने खरेदीआधी चार आकडे लिहून आणावेत. एकूण वजन, मोटरीचे केव्ही, पंख्याचे माप आणि बॅटरीचे सेल. बैठकीत कर्जाच्या अर्जाला तो कागद जोडा. दुकानातून पक्के बिल घ्या आणि बिलावर नुसते "मोटर चार नग" असे नको, केव्ही आणि आकारासह लिहून घ्या. पहिल्या दिवशी ड्रोन कमरेएवढ्या उंचीवर अर्धा मिनिट तरंगत ठेवायचा, उतरवायचा, बॅटरी सोडवायची आणि चारही मोटरींना बोट लावून बघायचे. चारही कोमट असल्या तर पुढे जा. एक चटका देत असेल आणि बाकी तीन गार असतील, तर त्या दिवशी उडवणे बंद. पंखा, टाके, स्क्रू आणि स्टिकर, या क्रमाने तपासा.